वाटीभर टाकळा

केणीबाईंच्या शोकसभेत आमच्या डॉक्टर संघटनेचे अध्यक्ष त्यांना 'मनमिळाऊ' म्हणाले, तेव्हा मी हातातला समोसा खाली ठेवला. समोसा तसाही शिळा होता, पण तोवर मी तो नेटाने खात होतो. व्यासपीठावर बाईंचा फोटो होता आणि त्याला प्लास्टिकचा हार. फोटोत बाई हसत होत्या. बाई कधीच हसत नसत असं नाही, पण हे हसू त्यांचं नव्हतं. संघटनेतल्या कुणा उत्साही माणसाने मोबाइलवरच्या कसल्याशा अ‍ॅपमधून ते त्यांच्या तोंडावर चिकटवलं होतं. बरोबर नवे कोरे दातही दिले होते. मी दातांचा डॉक्टर आहे. बाईंचे दात मी ओळखतो.

"डॉक्टर केणी म्हणजे प्रेमाचा झरा," अध्यक्ष सांगत होते. "त्यांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही."

यावर बाई एकच शब्द बोलल्या असत्या. तो मला इतका स्पष्ट ऐकू आला की मी वळून मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"शी!"

अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून जवळच, एका फरसाणाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचे दवाखाने समोरासमोर होते. मधला पॅसेज सामाईक, पॅसेजमधलं बाकडं सामाईक, आणि भिंतीतून जाणारा सांडपाण्याचा पाइपही सामाईक. तो शब्द मी कित्येक वर्षं ड्रिलच्या आवाजातूनही ऐकला. उल्हासनगरहून येणारे सिंधी पेशंट त्यांना 'छी-छी मॅडम' म्हणायचे. तोंडावर नाही, पण बाकड्यावर बसून पुरेशा मोठ्याने. बाईंना ते ऐकू जायचं आणि त्यांची काही हरकत नसायची.

बुटक्या, रुंद, सुती साडीखाली पांढरे बूट, बॉबकट. नाक लहान, पण सतत कामात. नवा पेशंट आत आला की बाई आधी त्याची फाइल नाकाशी न्यायच्या. कोणत्या दवाखान्यातून आला ते वासावरून कळतं म्हणायच्या, आणि बहुतेक वेळा ते खरंच निघायचं, कारण काही दवाखान्यांच्या फाइलींना अगरबत्तीचा वास असतो. मग आतले कागद बघत 'शी' सुरू. प्रत्येक तापाला सलाईन, शी. ताकदीचं इंजेक्शन, शी. एकाच माणसाच्या एकाच महिन्यात तीन वेळा केलेल्या त्याच तपासण्या, शी शी. आमच्या धंद्याची त्यांना मनापासून किळस होती आणि ती त्या लपवत नसत.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. माणसाच्या शरीराला उद्देशून त्या हा शब्द कधी वापरत नसत. कुणाच्या पायावर सडलेली जखम असो, कुणाच्या थुंकीत रक्त असो, कुणाची कातडी सोललेल्या बटाट्यासारखी झालेली असो, बाई खुर्ची पुढे ओढून नाक तिथपर्यंत न्यायच्या आणि हळू आवाजात विचारायच्या, "कधीपासून रे बाळा?" बाळ साठीचा असला तरी.

बाईंचं काम म्हणजे ज्यांचं निदान कुणालाच झालेलं नाही अशी माणसं. शरीराची राखण करणारं रक्तच शरीरावर उलटतं, सांधे खातं, मूत्रपिंड खातं, डोळे खातं. किंवा जिथे वाहायचं तिथे गोठून बसतं. असले आजार हजारांत एखाद्याला होतात. त्यामुळे एरवीच्या डॉक्टरांना ते आयुष्यात दोनदा भेटतात आणि दोन्ही वेळा ओळखू येत नाहीत. "गुडघा घेऊन हाडवाल्याकडे जातात," बाई म्हणायच्या, "पुरळ घेऊन कातडीवाल्याकडे, तोंडातले फोड घेऊन तुमच्याकडे. आख्खा माणूस कुणाकडेच जात नाही. शी." म्हणून त्या आख्खा माणूस मागून घ्यायच्या. त्यासाठी त्यांचं एकच हत्यार होतं. पेशंट बोलून थांबला की विचारायचं, "आणि?" तो पुन्हा काही सांगायचा. "आणि?" माणूस अगदी रिकामा होईपर्यंत हे चालायचं.

उल्हासनगरचे एक कापडवाले शेटजी माझ्याकडे तोंडातले फोड घेऊन आले होते. जिभेवर, गालाच्या आत, येत-जात. दाताने घासून होणारे फोड तसे नसतात, म्हणून मी त्यांना समोरच्या दारात पाठवलं. बाईंनी जीभ पाहिली, पापणी ओढून डोळा पाहिला. डोळा लाल होता.

"आणि खाली?"

"खाली मतलब?"

"खाली म्हणजे खालीच. लघवीच्या जागी फोड येतात का?"

दार उघडं होतं. बाकड्यावर शेटजींची बायको होती, सून होती, आणि दाढ काढून घ्यायला आलेले माझे चार पेशंट होते. "मॅडम, धीरे बोलो ना," शेटजी कळवळले.

"फोडाला लाज नाही, तुम्हाला कसली? आणि?"

मग सगळं बाहेर आलं. खाली फोड, गुडघे दुखणं, डोळ्यांपुढे धूसर. शेवटी खिशातून एक प्लास्टिकची पिशवी निघाली, त्यात कागदाच्या पुड्या. उल्हासनगरच्याच एका कॅम्पातला कुणी वातावरची पुडी देणारा होता. "इससे एकदम आराम पडता है, मॅडम. वजन भी बढ़ गया." बाहेरून बायकोने दुजोरा दिला, "चेहरा कितना भर गया है!" शेटजींचा चेहरा खरोखर पुनवेच्या चंद्राएवढा झाला होता.

बाईंनी पुडी हुंगली. चिमूटभर जिभेवर ठेवली. बेसिनमध्ये थुंकल्या.

"शी! स्टेरॉइड आहे हे, शेटजी. कुटून पूड केली म्हणजे ते देशी औषध होत नाही. आणि हा चेहरा भरला नाही, सुजलाय."

"तो आज से बंद?"

"बंद केलंत तर कोसळाल. शरीराने स्वतःचं बनवायचं सोडून दिलंय. आता मीच तुम्हाला हे देणार. नाव सांगून, मोजून, आणि दर महिन्याला कमी करत. घाण आत घालायला वेळ लागत नाही, काढायला लागतो."

शेटजींना एका दुर्मिळ आजाराचं नाव मिळालं, डोळे वाचले आणि चेहराही हळूहळू पूर्वीचा झाला, त्याचं बायकोला वाईट वाटलं. बाईंनी त्या सगळ्या पुड्या त्याच दिवशी बेसिनमध्ये ओतल्या, कागदांसकट. पाइप सामाईक, तो तुंबला. दोन दिवस माझ्या पेशंटांना चूळ भरता येईना. तो पुडीवाला मात्र अजून आहे. आता त्याच्या दुकानात एसी आहे, आणि आमच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुक म्हणून त्याचा फोटो असतो.

ज्या बाईला एवढ्या गोष्टींची किळस, तिच्या डब्याची आम्हा सगळ्यांना किळस यायची. केणीबाई बदलापूरपलीकडच्या आगरी गावातल्या. दुपारी त्यांचा डबा उघडला की सुकटीचा, नाहीतर भाजलेल्या बोंबलाचा वास पॅसेजभर पसरायचा. माझ्या खुर्चीत तोंड वासून पडलेल्या माणसाला पळता येत नाही. एकदा मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "मग त्याला नाक मिटायला सांगा, तोंड तुमच्या ताब्यात आहे." श्रावणात तर त्या दार मुद्दाम उघडं ठेवायच्या. श्रावण त्यांनी शाळेत असतानाच सोडला होता. लहानपणी आजी श्रावणभर टाकळा आणि कुर्डू या रानभाज्या खाऊ घालायची, नाही खाल्लं तर तोंडात कोंबायची. "गवत! हिरवं, बुळबुळीत, गवत! मी ओकायची, ती पुन्हा वाढायची. शी!" हिरव्या भाजीचं नाव काढलं तरी त्यांच्या अंगावर काटा यायचा. बाईंच्या सगळ्या किळसांत ही एकच मला पोरकट वाटायची, आणि म्हणून मला ती आवडायची.

याच किळसेने पुढे घात केला.

बदलापूरच्या मांजर्लीची सुनंदा भोईर माझी पेशंट. तिशीची, सडपातळ, नवऱ्याची बदलापूर स्टेशनला रिक्षा. दाढ दुखते म्हणून आली आणि बाकड्यावर बसली. समोरच्या उघड्या दारातून बाईंनी तिला पाहिलं आणि चालू पेशंटला तसाच सोडून बाहेर आल्या.

"बाय, तुजा एक पाय जाडा कला गं?"

सुनंदा दचकली. एक तर एकच पाय जाड का असं विचारणारी डॉक्टरीण, त्यातून घरची आगरी बोली. पाय दोन-तीन वर्षांपूर्वी सुजला होता, लचक म्हणून पट्टी बांधली, मालिश करून घेतलं, सूज पुरती उतरली नाही. हे निदान आमच्या अध्यक्षांच्या नर्सिंग होमचं. "आणि?" दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात गेलं. तिथेच सांगितलं, पिशवी कमजोर आहे. "आणि?" डोकं दुखतं. "आणि?" थंडीत हातापायांवर निळसर जाळी दिसते. सुनंदाने बाही वर केली. बाई त्या जाळीकडे जरा वेळ पाहत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "हिची दाढ तुम्ही नंतर काढा. ही माझी."

तपासण्या झाल्या, नियमाप्रमाणे तीन महिन्यांनी पुन्हा झाल्या. रोगाचं नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. म्हणजे हिचं रक्त विनाकारण गोठतं. पायात गोठलं तेव्हा पाय सुजला, वारेत गोठलं तेव्हा पोरं गेली. "आणि मालिश!" बाई पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होत्या. "गाठ असलेल्या पायाला मालिश! सुटून फुप्फुसात गेली असती म्हणजे? शी! शी! आणि हा माणूस गळ्यात स्टेथोस्कोप घालून सत्कार घेतो!"

सुनंदाला रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली, जन्मभराची. ही गोळी मोठी नाजूक. रक्त जास्त पातळ झालं तर कुठूनही वाहायला लागतं, कमी झालं तर गाठ होते, आणि पुढची गाठ मेंदूत होणार नाही याची खात्री नाही. म्हणून रक्त तपासत राहायचं आणि गोळी कमी-जास्त करायची. पालेभाजीत रक्त गोठवणारं जीवनसत्त्व असतं, ती एकदम वाढली तर गोळीचा जोर जातो. इतर प्रत्येक पेशंटला बाई हे घसा फोडून सांगायच्या. सुनंदाला म्हणाल्या, "तुना सांगाची गरज नाय. आपल्यान पाला खातंय कोन?" दोघी हसल्या. बाईंचं ते खरं हसू. फोटोतल्यासारखं अजिबात नव्हतं, वरच्या दोन दातांत फट दिसायची.

पहिले काही महिने नीट गेले. मग पावसाळ्यात सुनंदाचं रक्त पुरेसं पातळ होईना. बाईंनी गोळी वाढवली. थोड्या दिवसांनी, गणपती गेल्यावर, सुनंदा माझ्याकडे आली. हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं. आता रक्त भलतंच पातळ झालं होतं. बाईंनी गोळी पुन्हा पूर्वीवर आणली आणि तिला फैलावर घेतलं. "आधी गोळ्या चुकवल्यास, मग घाबरून जास्त खाल्ल्यास. हो ना?" सुनंदा देवाशपथ नाही म्हणत होती. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

त्या दिवशी दार उघडंच होतं. पॅसेजमध्ये सगळ्यांनी ऐकलं.

"मना खोटा सांगू नको! गोली घेत नाय तू."

"मॅडम, रोज घेतंय. सासूला इचारा."

"सासूच फेकतेय का? कुना बाबाचा अंगारा चालू केलाव?"

"नाय ओ मॅडम..."

"शी!"

तोंडावर, पेशंटच्या. मी हातातलं काम थांबवलं. सुनंदा उठली, पदर सावरला आणि बाकड्यावरच्या लोकांकडे न बघता जिना उतरून गेली. आठवड्याने रक्त तपासायला यायला सांगितलं होतं. सुनंदा आली नाही. जिथे आपल्याला घाण समजतात तिथे कोण पुन्हा जाईल?

तिला आणलं ते नवऱ्याने, रिक्षातून, तोंड वाकडं झालेलं आणि उजवा हात लोंबत असलेला. बाईंनी तिला कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, स्वतः रुग्णवाहिकेत बसल्या, आणि तिथल्या डॉक्टरांना तीन वेळा तेच तेच समजावून सांगितलं. सुनंदा वाचली. हातात जोर थोडा आला, बोलणं मात्र तुटलं. एखादा शब्द यायचा, तोही वेळ लावून.

घरी सोडल्यावर दहाएक दिवसांत तपासणी झाली, आणि रक्त पुन्हा घट्टच. बाई कागद घेऊन माझ्या दारात आल्या. "गाडी काढा."

"कुठे?"

"मांजर्लीला. आता तिला स्वतःला गोळी घेता येत नाही, म्हणजे फेकणारं घरातच आहे. मी गोळ्या शोधून काढणार. गादीखाली, मोरीत, कुठेही."

मांजर्लीतलं त्यांचं घर तळमजल्यावर. नदीचं पाणी आठवड्यापूर्वी येऊन गेलं होतं, भिंतीला गुडघ्याएवढा ओला पट्टा आणि सगळीकडे गाळाचा वास. बाई आत शिरल्या त्या तरातरा. गादी उलटली, मोरीची जाळी उचलली, देवघराच्या मागे हात घातला. सुनंदाची सासू कमरेवर हात ठेवून बघत राहिली. रागावली नव्हती, थक्क झाली होती.

"आमचे घरान गोली टाकाला कोन हाय, बाय? मीच देतंय तिना, रोज रातचे, जेवल्याव. बघा, पाकिट."

पाकिटातल्या गोळ्या बरोबर होत्या, एकही जास्त नाही की कमी नाही. बाई ओल्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. त्यांना पुढे काय शोधावं ते कळेना.

दुपारची वेळ होती. सुनंदा उशीला टेकून बसली होती, आणि आमच्यामुळे अर्धवट राहिलेलं काम सासूने पुन्हा हाती घेतलं. ताटलीत भाताबरोबर कालवलेलं गडद हिरवं काहीतरी होतं. ती त्याचे मऊ घास करून सुनेच्या तोंडात भरवत होती, ओठांवरून ओघळलं की पदराने पुसत होती.

"काय देतंस ते?" बाईंनी विचारलं.

"टाकला. सकालचे टायमाला अलू देतंय, रातचे कुर्डू. सरावन हाय ना, म्हावरा बंद. एरवी पोरीचा घास म्हावऱ्याशिवाय उतरत नाय, पन एक महिना आमी आखा घर पाल्याव. तिचे आंगान रगत नाय, म्हनून तिना दोन वाट्या जास्त देतंय. हिरवा खाल्ला का ताकद येते."

मला कळलं होतं, आणि त्यांना माझ्या आधी कळलं होतं. अकरा महिने मासळी आणि एक महिना नुसता पाला. त्या महिन्यात गोळीचा जोर जायचा, बाई गोळी वाढवायच्या. गणपती गेले की घरात मासळी यायची, पाला थांबायचा आणि वाढवलेली गोळी रक्त पाण्यासारखं करायची. हे पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला न कळणं समजण्यासारखं आहे. केणीबाईंच्या स्वतःच्या घरात लहानपणी हेच चाललेलं होतं. पण त्यांनी श्रावण आणि टाकळा दोन्ही आपल्या आयुष्यातून इतके ओकून टाकले होते की दुसरं कुणी ते अजून जेवत असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांना 'आणि?' विचारलं, तिने हिला जेवणाबद्दल एकदाही विचारलं नाही.

बाई खाली फरशीवर बसल्या, सुनंदासमोर.

"बाय," त्या म्हणाल्या, "मी चुकली. तू खरा बोलत होतीस."

सुनंदा त्यांच्याकडे बघत राहिली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. फार वेळ लागला. "जे... वा," ती म्हणाली.

सासूने ताट वाढलं. आगरी घरात जेवायच्या वेळी आलेला माणूस तसाच जात नाही, त्याने मोरीची जाळी उचकटली असली तरी. ताटात भात आणि टाकळ्याचा ढीग, वर लसणीची फोडणी. मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं दुःखाचं नव्हतं, मळमळीचंही होतं. त्यांनी घास घेतला. गिळला. पुन्हा घेतला. अख्खं ताट संपवलं आणि ताटात पाणी घालून तेही प्यायल्या.

"टाकला बंद करू नको," सासूला त्या म्हणाल्या. "पन आता बारा महिने द्याचा, म्हावऱ्यासंगती पन. रोज एक वाटी. ही वाटी. टाकला नसल तवा माठ दे, मेथी दे. जास्ती नाय, कमी नाय, सन असो का नसो. गोली मी त्या हिशोबान देतंय."

गाडीत बसल्यावर अंबरनाथ येईपर्यंत त्या खिडकीबाहेर तोंड करून होत्या. शिवमंदिराच्या फाट्यावर वळताना म्हणाल्या, "डॉक्टर, आज मला माझी किळस आली." एवढंच. मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन, ते त्यांनी ऐकलं नाही.

सुनंदाचा पुढचा श्रावण सुरळीत गेला, आणि त्याच्या पुढचाही. रक्त हवं तेवढंच पातळ राहिलं. मधल्या काळात तिला बरंच बोलता यायला लागलं, हळूहळू, शब्द शोधत. बाईंनी तिच्यासाठी दारातून ओरडणं बंद केलं, बाकीच्यांसाठी नाही.

शोकसभेला ती आली होती. मागच्या रांगेत बसली होती, नवऱ्याबरोबर. अध्यक्षांचं भाषण चालू असतानाच उठली, डाव्या हाताने स्टीलचा डबा घेऊन पुढे गेली आणि फोटोपुढच्या टेबलावर, हाराखाली, डबा उघडून ठेवला. हॉलभर टाकळ्याचा आणि लसणीचा वास सुटला. एका कार्यकर्त्याने घाईघाईने झाकण लावून डबा टेबलाखाली सरकवला. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला आणि बोलणं चालू ठेवलं. त्यांनी तिला ओळखलंही नाही. जिच्या पायाला यांनी मालिश सांगितलं होतं, ती यांच्यासमोर पाय ओढत चालत होती आणि हे झऱ्याबद्दल बोलत होते. मला त्या हॉलची, त्या हाराची, त्या समोशाची, आमच्या सगळ्या पांढऱ्या कोटांची अशी शिसारी आली की मी उठलो, टेबलाखालून डबा काढला आणि सुनंदाच्या शेजारी जाऊन बसलो.

ती फोटोकडे बघत होती. "बाई..." ती म्हणाली, "अशा हसायच्या... नाय."

"नाही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघांनी तिथेच बसून डबा संपवला. कुणी कुणी वळून बघत होतं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या गेल्या त्याच्या आदल्या दुपारी. हृदय बंद पडलं, झोपेत, त्याची आधी काहीच चाहूल नव्हती. माझा पेशंट गेला होता, दार उघडं होतं आणि समोर बाई जेवायला बसल्या होत्या. पॅसेजमध्ये बोंबलाचा वास होता, पण डब्याच्या शेजारी एक वाटीही होती, मांजर्लीच्या त्या वाटीएवढी, काठोकाठ टाकळ्याने भरलेली. ती वाटी मी मांजर्लीच्या त्या दिवसापासून रोज बघत होतो. श्रावण असो नसो, टाकळा नसला तर माठ, तो नसला तर मेथी. आधी वाटी संपवायची, मगच बोंबलाला हात. तोंड कडू औषध घेतल्यासारखं, नाकपुड्या फुगलेल्या, डोळे घट्ट मिटलेले. सुनंदाला जे दिलंय ते आपण खाल्ल्याशिवाय तिची गोळी ठरवायचा आपल्याला अधिकार नाही, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. त्या हिशोबाला वैद्यकात काही आधार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी दारात उभा राहिलो आणि गमतीने विचारलं, "काय बाई, आवडायला लागली का आता भाजी?"

बाईंनी डोळे उघडले. तोंडातला घास कसाबसा खाली ढकलला.

"शी!" त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास घेतला.